घरच्या घरी फंक्शनल ट्रेनिंग: साधने निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे प्रामुख्याने शहरातील फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि घराचा एखादा कोपरा व्यायामासाठी मोकळा करू शकणाऱ्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. स्वतंत्र खोली किंवा अंगण असल्यास उत्तमच. पण त्यावाचूनही चांगला व्यायाम होऊ शकतो.

फंक्शनल ट्रेनिंग म्हणजे नेमके काय?

रोजच्या जगण्यात शरीराला ज्या हालचाली एकत्रितपणे कराव्या लागतात, त्याच हालचालींचा हळूहळू भार वाढवत केलेला सराव म्हणजे फंक्शनल ट्रेनिंग. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर उचलण्याचे उदाहरण घेऊ. त्यात 14.2 किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजनही जवळपास तेवढेच किंवा थोडे अधिक असते, म्हणजे एकूण भार 30 किलोच्या आसपास जातो. तो दारातून स्वयंपाकघरापर्यंत नेताना आपण कमरेतून वाकतो, पकड घट्ट करतो, पायांच्या जोरावर उठतो आणि सगळा भार एका बाजूला असतानाही धड वाकू न देता चालतो. यांतील कोणताही स्नायू एकटा काम करत नाही. जिममधील बैठ्या यंत्रात भाराचा मार्ग ठरलेला असतो आणि पाठीला टेकू मिळतो; सिलिंडरला मात्र असा मार्ग नसतो.

म्हणून साधने निवडताना स्नायूंची नावे मोजण्याऐवजी हालचाली मोजाव्यात: ढकलणे, ओढणे, खाली बसून उठणे, कमरेतून वाकून उचलणे, भार घेऊन चालणे आणि धड वळवणे. घरातील साधनांनी या सहाही हालचाली होतात का, एवढा एकच प्रश्न प्रत्येक खरेदीच्या वेळी स्वतःला विचारावा.

जोर आणि बैठका पुरेशा नाहीत का? साधनांची गरजच काय?

जोर आणि बैठका या दोन व्यायामांचे मोल कोणत्याही यंत्राने कमी होत नाही. जोर मारताना ढकलण्याची ताकद येते आणि खांदे व पाठीचा कणा पूर्ण फिरतात. बैठकांनी मांड्या आणि श्वास दोन्ही तयार होतात. ज्यांना अजून सलग 20 जोर नीट मारता येत नाहीत, त्यांनी ढकलण्यासाठी कोणतेही साधन विकत घेण्याची घाई करू नये.

उणीव आहे ती ओढण्याची. मोकळ्या जमिनीवर, हाताशी काहीही नसताना, पाठीच्या आणि दंडाच्या स्नायूंना ओढण्याचे पुरेसे काम देता येत नाही. जुन्या तालमीत ही उणीव जाणवत नसे, कारण तेथे हौद्यातील माती खोऱ्याने उकरावी लागे, मल्लखांब होता, चढण्यासाठी दोर होता आणि कुस्तीत समोरचा मल्ल तर होताच. आपण त्या परंपरेतून जोर-बैठका तेवढ्या घरी आणल्या आणि ओढण्याचा अर्धा भाग तेथेच राहिला. दिवसभर संगणकासमोर खांदे पुढे झुकवून बसणाऱ्या माणसाने केवळ जोर मारत राहणे मला म्हणूनच अपुरे वाटते.

मग सर्वांत आधी काय घ्यावे?

वरील कारणामुळे माझे उत्तर नेहमी एकच असते: पहिला खर्च ओढण्याच्या साधनावर करावा. पुल-अप बार (लटकून अंग वर ओढण्याचा आडवा दांडा), टांगायच्या लाकडी रिंगांची जोडी किंवा निदान रबरी बँड यांपैकी आपल्या घरात जे सुरक्षितपणे बसेल ते घ्यावे. त्यानंतर एक केटलबेल (वर मूठ असलेला जड गोळा) आणि तिच्याखाली घालायला जाड रबरी मॅट. एवढ्या साधनांवर बहुतेकांचे पहिले वर्ष उत्तम जाते. या वर्षात आपण आठवड्यातून किती दिवस खरोखर व्यायाम करतो आणि कोणती हालचाल आवडीने करतो हे कळते, व पुढची खरेदी त्या अनुभवावर करता येते. एकदम संपूर्ण संच घेण्याचा मोह टाळावा, कारण अशा संचातील निम्म्या वस्तू एकाच हालचालीच्या असतात.

पुल-अप बार कोणता घ्यावा आणि कुठे बसवावा?

बार निसटल्यास गंभीर अपघात होऊ शकतो, म्हणून या प्रश्नाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे.

दाराच्या चौकटीवर नुसता अडकवायचा, खिळा-स्क्रू न लागणारा बार जाहिरातींत फार सोयीचा दिसतो. त्याची रचना मात्र परदेशी घरांसाठी झालेली आहे. तेथील दाराच्या चौकटीभोवती भिंतीपासून पुढे आलेली रुंद लाकडी पट्टी असते आणि बारचा मागचा भाग त्या पट्टीच्या वरच्या कडेवर टेकतो. आपल्याकडे चौकट बहुतेक वेळा गिलाव्याच्या पातळीतच असते, त्यामुळे बारला टेकायला आधारच मिळत नाही. खरेदीपूर्वी दाराच्या वर बोट फिरवून पाहावे. बार टेकेल एवढी मजबूत कड नसेल तर हा प्रकार आपल्या घरासाठी नाही.

दुसरा प्रकार चौकटीच्या दोन बाजूंमध्ये फिरवून ताणून बसवण्याचा. सागवानी किंवा तत्सम भक्कम लाकडी चौकटीत, सोबत मिळणाऱ्या वाट्या स्क्रूने पक्क्या केल्या, तर तो वापरता येतो. ग्रॅनाइट, संगमरवर, अ‍ॅल्युमिनियम किंवा फायबरच्या चौकटीत तो कधीही बसवू नये. गुळगुळीत पृष्ठभागावर केवळ दाबाच्या भरवशावर माणसाचे वजन सोपवणे धोक्याचे आहे.

तिसरा आणि सर्वांत भरवशाचा प्रकार म्हणजे भिंतीत किंवा छतात अँकर बोल्टने बसवलेला बार. येथे भिंत कशाची आहे हे आधी ठाऊक असले पाहिजे. नव्या इमारतींतील आतल्या भिंती अनेकदा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेची छिद्रे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या, असतात. त्या सच्छिद्र असल्याने नेहमीचा अँकर बोल्ट त्यांत धरत नाही. सुरुवातीला घट्ट वाटतो आणि काही आठवड्यांनी सैल होतो. पोकळ ब्लॉक आणि पीओपीचे खोटे छत यांचाही विचार करू नये. बार आरसीसी तुळईत, स्तंभात किंवा स्लॅबमध्ये बसवावा. ज्या इमारतींच्या भिंतीही सलग काँक्रीटच्या ओतलेल्या असतात तेथे आधार उत्तम मिळतो, परंतु त्या भिंती इमारतीचा भार वाहत असल्यामुळे आणि त्यांच्यातून विजेच्या नळ्या गेलेल्या असल्यामुळे छिद्र पाडण्यापूर्वी सोसायटीला विचारणे आवश्यक आहे.

यांतील काहीच शक्य नसेल तर जमिनीवर उभा राहणारा, वर बार असलेला मनोरा घ्यावा लागतो. त्याला साधारण 4 फूट लांब-रुंद जागा लागते आणि हलका मनोरा झोका घेताना डुलतो, त्यामुळे दुकानात स्वतः लटकून पाहिल्याशिवाय तो घेऊ नये.

पंख्याच्या हुकाला रिंग किंवा सस्पेन्शन पट्टे (टोकाला मुठी असलेले टांगते पट्टे) टांगता येतील का?

नाही. पंख्याचा हुक स्लॅबमध्ये असला तरी तो पंख्याच्या वजनासाठी बसवलेला असतो, त्याला गंज लागला आहे का हे बाहेरून दिसत नाही आणि जवळूनच वीजवाहिनी गेलेली असते. झोका घेताना किंवा झटक्याने ओढताना आधारावर येणारा ताण शरीराच्या वजनाहून बराच अधिक असतो हेही लक्षात घ्यावे.

झोपाळ्याच्या कड्यांची गोष्ट वेगळी आहे. काही घरांत स्लॅब ओततानाच सळ्यांना अडकवून या कड्या बसवलेल्या असतात आणि दोन-तीन माणसे बसून झोके घेतील अशा अंदाजाने त्या केलेल्या असतात. कड्या अशा आहेत याची खात्री असेल आणि त्या झिजलेल्या किंवा गंजलेल्या नसतील, तर घरात रिंग टांगायला याहून चांगली जागा नाही. कड्यांमधील अंतर बरेच मोठे असल्यास दोन्ही रिंगा एकाच मजबूत आडव्या नळीवरून सोडाव्यात. स्पर्धेतील रिंगा एकमेकींपासून 50 सेंटिमीटरवर टांगलेल्या असतात. घरीही तेवढे अंतर सोयीचे ठरते.

रिंग लाकडाचीच घ्यावी, कारण घामट हाताला लाकडाची पकड प्लॅस्टिकपेक्षा चांगली मिळते. 28 मिलिमीटर जाडीची रिंग लहान तळव्याला आणि 32 मिलिमीटरची मोठ्या तळव्याला बरी पडते. रिंगा कमरेच्या उंचीवर आणून, पाय जमिनीवर ठेवून, शरीर तिरके करून ओढता येते. त्यामुळे ज्यांना एकही पुल-अप जमत नाही त्यांनाही पहिल्या दिवसापासून त्या उपयोगी पडतात. बारपेक्षा मला रिंगा अधिक आवडतात त्या याच कारणाने.

रबरी बँड घेताना काय पाहावे?

बँडचा ताण त्याच्या लांबीबरोबर वाढत जातो. म्हणजे हालचालीच्या सुरुवातीला तो हलका आणि शेवटी जड वाटतो, तर लोखंडाचे वजन सर्वत्र तेवढेच राहते. हा फरक दोष नव्हे, पण त्यामुळे बँड वजनाची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. सुमारे 104 सेंटिमीटर लांबीचे बंद वेढ्याचे बँड सर्वांत बहुगुणी असतात. रंगावरून ताण ठरवू नये, कारण रंगांचा क्रम प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असतो, रुंदी पाहावी. अरुंद, मध्यम आणि रुंद असे तीन पुरेत.

नैसर्गिक रबर ऊन आणि तेल दोन्हींमुळे खराब होते. अंगाला खोबरेल तेल चोळून लगेच बँड हातात घेऊ नये आणि ते खिडकीत टांगून ठेवू नयेत. वापरण्यापूर्वी दर वेळी बँड थोडा ताणून कडांवर बारीक चिरा दिसतात का ते पाहावे. चीर दिसताच तो टाकून द्यावा, कारण तुटलेला बँड थेट चेहऱ्याकडे येतो. दारात अडकवून ओढायचे असल्यास दार ज्या बाजूला उघडते त्याच्या विरुद्ध बाजूस उभे राहावे आणि कडी लावावी, म्हणजे आपण ओढू तसे दार चौकटीवर अधिकच घट्ट बसेल. घरात कोणाला लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर कापडी बँड निवडताना त्यातील रबर उघडे राहत नाही ना, हे तपासावे.

केटलबेल किती वजनाची घ्यावी आणि चांगली केटलबेल कशी ओळखावी?

केटलबेल मूळची रशियातील. तेथील पूड हे जुने माप 16.38 किलोचे होते, म्हणून आजही 16, 24 आणि 32 किलो हे तिचे ठळक टप्पे मानले जातात. वजन उचलण्याची सवय नसलेल्या बहुतेक स्त्रियांना 8 किलोपासून आणि पुरुषांना 12 किंवा 16 किलोपासून सुरुवात करता येते. एक अडचण लक्षात ठेवावी: स्विंगमध्ये, म्हणजे केटलबेल पायांमधून मागे नेऊन पुढे झुलवताना, नितंब आणि मांड्यांचे मोठे स्नायू काम करतात, त्यामुळे तेथे जे वजन हलके वाटते तेच एका हाताने डोक्यावर ढकलताना जड होते. दोन्हींचा मध्य साधून घेतलेली केटलबेल दोन्हीकडे अपुरी पडण्याचा संभव असतो. एकच घ्यायची असल्यास स्विंगला साजेशी घ्यावी आणि ढकलण्यासाठी जोर मारावेत.

वजनाचे टप्पे मोठे असतात. 8 वरून 12 आणि 16 वरून 24 या दोन्ही उड्या निम्म्याने वाढणाऱ्या आहेत. म्हणून पुढची केटलबेल घेण्याआधी त्याच वजनावर आवर्तने वाढवावीत, विश्रांती कमी करावी आणि हालचाल संथ करावी.

आता घडणीविषयी. मूठ आणि गोळा एकाच ओतीव बिडाचे असावेत. वेल्डिंग केलेली किंवा पेचाने बसवलेली मूठ स्विंगच्या झटक्यात कधीतरी दगा देते. मुठीच्या आतल्या बाजूने बोट फिरवावे. ओतकामाच्या सांध्याची धार तेथे शिल्लक असेल तर तळहाताची साल निघते. मूठ 33 ते 35 मिलिमीटर जाड असावी आणि दोन्ही हात शेजारी मावतील एवढी रुंद असावी. तळ सपाट हवा. सिमेंट भरून वर प्लॅस्टिक चढवलेल्या केटलबेल स्वस्त असतात, परंतु आकाराने मोठ्या असल्याने मनगटावर आपटतात आणि एकदा पडल्या की आतून भुगा होऊन खुळखुळू लागतात. मी सुरुवातीला अशीच एक घेतली होती आणि पैसे वाचले असे मला कधीच वाटले नाही. स्पर्धेच्या केटलबेल पोलादी असतात, सर्व वजनांत त्यांचा आकार एकच असतो आणि रंगांवरून वजन कळते: 16 किलो पिवळी, 24 हिरवी, 32 लाल. त्या महाग असतात आणि घरच्या व्यायामासाठी अनिवार्य नाहीत.

लिहिलेले वजन आणि खरे वजन यांत फरक असू शकतो. वजने किलोच्या भावाने विकली जात असल्यामुळे दुकानातच काट्यावर ठेवून पाहण्याचा आग्रह धरावा.

केटलबेलऐवजी डंबेल चालतील का?

चालतील. डोक्यावर ढकलणे, वाकून ओढणे, भार घेऊन चालणे आणि छातीशी वजन धरून बसणे-उठणे डंबेलने तितकेच चांगले होते, आणि वजन थोडे थोडे वाढवता येते हा त्यांचा मोठा फायदा आहे. स्विंग तेवढा डंबेलने अवघडल्यासारखा होतो. जागा कमी असल्यास दांडा आणि प्लेटांचे, नटाने आवळायचे डंबेल घ्यावेत व व्यायामाच्या प्रत्येक फेरीपूर्वी नट आवळून पाहावेत.

मुद्गल आणि करेला घरात वापरता येतील का?

मुठीने धरून फिरवायचे हे लाकडी सोटे आवर्जून वापरावेत, कारण खांद्याची गोलाकार हालचाल आणि धडाचे वळणे या दोन गोष्टी लोखंडी साधनांत फारच कमी सापडतात आणि मुद्गल फिरवताना त्या आपोआप होतात. मुद्गलाचा भार मुठीपासून दूर, टोकाकडे असतो; त्यामुळे 2 किलोचा मुद्गल 2 किलोच्या डंबेलपेक्षा कितीतरी जड भासतो. सुरुवात 1 ते 2 किलोच्या हलक्या जोडीने करावी. करेला आखूड आणि बुटका असल्याने घरात फिरवायला सोयीचा असतो. कातारी, म्हणजे लाकूड गोल घडवणारे कारागीर, असलेल्या गावात सागवान, शिसव किंवा बाभळीच्या लाकडाची जोडी करून घेता येते. मूठ आपल्या हाताच्या मापाची करून मिळते हा विकतच्या जोडीवरचा मोठा लाभ आहे.

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ 1924 पासून व्यायामशिक्षणाचे काम करत आले आहेत, आणि अनेक गावांत अजूनही एखादी जुनी व्यायामशाळा असते. तेथे मुद्गल फिरवणारे कोणी जाणते असतील तर त्यांच्याकडून पहिले चार हात शिकून घ्यावेत. चित्रफीत पाहून हाताचा मार्ग समजतो, पण खांदा कुठे सैल सोडायचा हे समोरच्या माणसाकडूनच कळते.

किती जागा लागते?

जमिनीवर 6 फूट लांब व 6 फूट रुंद जागा पुरते. खरी अडचण उंचीची असते. 170 सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा वर केलेला हात 210 सेंटिमीटरच्या पुढे जातो. त्यात दोन फुटी मुद्गल असेल तर टोक 270 सेंटिमीटरपर्यंत पोचते, आणि बहुतेक घरांत पंख्याची पाती त्याच्या खालीच असतात. म्हणून जागा ठरवताना पंख्याखालचा भाग वगळावा. पंखा बंद करून व्यायाम करणे हा पुरेसा उपाय नाही.

फ्लॅटच्या जमिनीला हे वजन पेलवेल का? खालच्या मजल्यावर आवाज जाईल त्याचे काय?

राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानक आयएस 875 नुसार दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो, एवढा वापराचा भार धरून स्लॅब आखला जातो. 10 फूट बाय 10 फूट खोलीचे क्षेत्रफळ 9.3 चौरस मीटर असते. या हिशेबाने 150-200 किलोची घरगुती साधने पसरून ठेवल्यास नियमाने बांधलेल्या आरसीसी इमारतीत चिंतेचे कारण नसते. लाकडी तुळयांवर जमीन असलेल्या जुन्या वाड्यात किंवा चाळीत मात्र हा हिशेब लागू होत नाही. तेथे स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घेतल्याशिवाय जड वजने आणू नयेत. बाल्कनीत वजने साठवू नयेत, विशेषतः ती जुनी असेल आणि छताला किंवा तळाला पाण्याची ओल दिसत असेल तर.

वजन ठेवल्याने जमिनीचे काही बिघडत नाही. ते आपटल्याने बिघडते. व्हिट्रिफाइड टाइल टणक असली तरी 16 किलोची केटलबेल गुडघ्याच्या उंचीवरून सुटली तर तडकू शकते. 15 ते 20 मिलिमीटर जाडीची घट्ट रबरी टाइल आणि तिच्याखाली 18 मिलिमीटरचा प्लाय असा थर दिल्यास धक्का पसरतो. योगासनांची मॅट यासाठी उपयोगाची नाही. रबराने खणखणाट थांबतो, पण स्लॅबमधून जाणारा धपका पूर्णपणे थांबत नाही, म्हणून वजन हाताने खाली ठेवण्याची सवय लावून घेणे हाच खरा उपाय आहे. खालच्या घरातील मंडळींना आपली वेळ आधी सांगून ठेवावी. पहाटे पाच वाजता दोरीवरच्या उड्या मारण्याचा हक्क फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कोणालाही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सँडबॅग घरी तयार करता येईल का?

येईल, आणि भार छातीशी कवटाळून चालण्यासाठी तिच्यासारखे दुसरे साधन नाही. कोरड्या वाळूचे वजन लिटरला साधारण 1.6 किलो भरते, म्हणजे 20 किलोसाठी साडेबारा लिटर वाळू लागते. वाळू धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून, 5-5 किलोच्या दुहेरी प्लॅस्टिक पिशव्यांत भरून चिकटपट्टीने बंद करावी आणि त्या पिशव्या जाड कॅनव्हासच्या थैलीत ठेवाव्यात. थैली गच्च भरू नये. आतला भार हलता राहिला तरच शरीराला तो सावरण्याचा सराव होतो.

घरातील ज्येष्ठांसाठी वेगळी साधने लागतात का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करावेत, आणि 65 वर्षांवरील व्यक्तींनी तोल व ताकद यांवर भर देणारे व्यायाम किमान तीन दिवस करावेत. त्यासाठी भिंतीला टेकवलेली, न घसरणारी, हात नसलेली भक्कम खुर्ची हे सर्वांत महत्त्वाचे साधन आहे. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे हीच त्यांची बैठक. त्याला एक हलका बँड, 1-2 किलोची वजने आणि बसकी पायरी जोडावी. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया किंवा हाडांचा ठिसूळपणा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, आणि वजन उचलताना श्वास रोखू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम वाढतो.

कोणती साधने घेऊ नयेत?

केवळ पोट कमी करण्याचा दावा करणारी चाके, फिरत्या तबकड्या आणि कंप देणारे पट्टे घेऊ नयेत. एका जागची चरबी त्या जागेच्या व्यायामाने उतरत नाही. डगमगत्या अर्धगोलावर उभे राहून वजन उचलण्याची पद्धतही मी सुचवत नाही. तोल हवा असेल तर एका पायावर उभे राहावे.

जुनी साधने घ्यावीत का?

लोखंड आणि बीड निर्धास्तपणे जुने घ्यावे. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने निघतो आणि वजन तसेच राहते. बँड, पट्टे, दोर आणि अडकवण्याचे फासे मात्र नेहमी नवेच घ्यावेत, कारण त्यांची झीज डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. जुना बार किंवा मनोरा घेताना प्रत्येक वेल्डिंगचा सांधा उजेडात पाहावा.

पावसाळ्यात साधनांची काळजी कशी घ्यावी?

मुंबई, कोकण आणि गोव्यातील दमट हवेत जून ते सप्टेंबर हा काळ लोखंडासाठी अवघड असतो. व्यायाम झाल्यावर मूठ कोरड्या फडक्याने पुसावी, कारण घामातील मीठ पावसाच्या पाण्याइतकेच गंजाला कारण होते. आठवड्यातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि पुढच्या वापरापूर्वी तो पुसून टाकावा. क्रोमचा मुलामा एकदा सुटला की त्याखालून गंज वेगाने पसरतो, त्यामुळे किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी क्रोमपेक्षा पावडर कोटिंगची साधने पसंत करावीत. रबरी टाइल महिन्यातून एकदा उचलून खालची ओल पुसावी. लाकडी मुद्गल आणि रिंगा भिंतीला न टेकवता मोकळ्या हवेत टांगाव्यात, आणि वाळूची थैली जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवावी.